ई-चलन मान्य नसेल तर वकिलाशिवाय न्यायालयात बाजू कशी मांडावी

वाहतूक पोलिसांनी यंत्रावर काढलेले किंवा चौकातल्या कॅमेऱ्याने पाठवलेले चलन हा कायद्याच्या दृष्टीने आरोप असतो. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी तो करणाऱ्यावर असते आणि आरोप मान्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहून तसे सांगण्याचा अधिकार प्रत्येक वाहनधारकाला आहे. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. तरीही छत्रपती संभाजीनगरपासून उदगीर-किनवटपर्यंत पुष्कळ माणसे, चूक आपली नसताना, कोर्टाची पायरी नको म्हणून पैसे भरून मोकळी होतात. आणि पुष्कळजण चलनाकडे काणाडोळा करतात व गाडी विकायच्या वेळी थकलेल्या चलनांची यादी समोर आली की हवालदिल होतात. या दोन्हींपेक्षा वेगळी, कष्टाची पण सरळ अशी एक वाट आहे आणि ती सामान्य माणसाला चालता येण्यासारखी आहे.

न्यायालयात जाण्याचा विचार करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या चलनात नेमके काय चुकले आहे? त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे आणि त्या वाक्याच्या पाठीशी किमान एक कागद, फोटो किंवा साक्षीदार असला पाहिजे. "फोटोतली गाडी माझी नाही", "त्या दिवशी माझा विमा चालू होता", "त्या तारखेआधीच गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली होती" ही वाक्ये न्यायालयात टिकतात. "सगळेच विनाहेल्मेट फिरतात, मलाच का धरले" किंवा "रस्त्यावर एवढे खड्डे असताना दंड कसला घेता" ही वाक्ये कितीही खरी असली तरी त्यांनी आरोप खोटा ठरत नाही. हेल्मेट खरोखरच घातले नसेल तर दंड भरावा आणि हेल्मेट घ्यावे, असेच मी कोणालाही सांगेन. खोट्यासाठी स्वतःची रोजंदारी आणि न्यायालयाचा वेळ खर्च करू नये. मात्र चलन चुकीचे असेल तर ५०० रुपयांसाठी कशाला एवढी उठाठेव, असे म्हणून ते सोडूनही देऊ नये, कारण अनेक कलमांत दंडाबरोबर परवाना निलंबित होण्याची तरतूद असते आणि आज मान्य केलेला गुन्हा पुढच्या वेळी "दुसरा गुन्हा" मोजण्यासाठी आधार होतो.

पहिले काम चलन नीट वाचण्याचे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की चलनाचा तपशील दिसतो. त्यातले कलम, ठिकाण, तारीख, वेळ आणि फोटो यांची प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी. फोटो मोठा करून पाहावा. संभाजीनगरचा एमएच २० आणि नांदेडचा एमएच २६ यांत, पाटीवर इंग्रजी आकडे असल्यामुळे, शून्य आणि सहा एवढाच फरक उरतो आणि चिखलाचा एक शिंतोडा तो फरक पुसून टाकू शकतो. क्रमांक जुळत असला तरी गाडीचा प्रकार, रंग, मागचे कॅरिअर, आरसे हे सगळे आपल्या गाडीशी ताडून पाहावे. दुसऱ्याच्या क्रमांकाची बनावट पाटी लावून फिरणारी वाहने असतात आणि त्यांची चलने बिचाऱ्या मूळ मालकाच्या नावावर चढतात. एक सावधगिरी याच टप्प्यावर हवी: "आरटीओ चलन" अशा नावाची फाईल व्हॉट्सॲपवर आली तर ती कदापि उघडू नये, कारण चलनाच्या नावाखाली बँक खाते रिकामे करणारी ॲप अशीच पाठवली जातात. चलन पाहायचे ते सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडूनच पाहावे आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

आता पैशाचे गणित, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार काही गुन्ह्यांत राज्य सरकारने ठरवलेली तडजोड रक्कम भरली की प्रकरण न्यायालयात न जाता मिटते. संकेतस्थळावर आपण भरतो ती ही तडजोडीची रक्कम. ती भरणे म्हणजे आरोप मान्य करून मिटवणे. भरल्यानंतर "मला हे मान्य नव्हते" असे म्हणायला जागा उरत नाही, म्हणून जे चलन लढवायचे आहे त्याचे पैसे भरू नयेत. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेटविषयीच्या कलम १९४-ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्रता आहे, तर राज्याने तडजोडीसाठी ५०० रुपये ठेवले आहेत. न्यायालय तडजोडीच्या रकमेला बांधलेले नसते. तेथे आरोप सिद्ध झाला तर मूळ कलमातला पूर्ण दंड होऊ शकतो. विम्याशिवाय वाहन चालवण्याच्या कलम १९६ मध्ये तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून कलम कोणते आहे हे वाचल्याशिवाय "बघून घेऊ कोर्टात" असे ठरवू नये.

न्यायालयाच्या आधी तक्रारीची पायरी आहे आणि ती वगळू नये. ॲपवर व संकेतस्थळावर चलनाविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तेथे चलनात काय चुकले हे सांगणारे ते एक वाक्य, आरसी पुस्तकाचा फोटो आणि आपल्या गाडीचे पुढून-मागून काढलेले स्पष्ट फोटो जोडावेत. तक्रारीसाठी आणि उत्तरासाठी दाखवलेली मुदत पाळावी. त्याशिवाय चलन ज्या कार्यालयाने काढले त्या कार्यालयाकडे मराठीत लेखी अर्ज द्यावा: संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा, इतर जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील जिल्हा वाहतूक शाखा, महामार्गावर महामार्ग पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षकांनी कारवाई केली असेल तर आरटीओ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. "ठेवून जा, बघतो" असे तोंडी उत्तर मिळाले तर टपालाने, पोचपावतीसह, तोच अर्ज पाठवावा. क्रमांक चुकीचा वाचला गेल्याची उघड चूक असेल तर ती इथेच दुरुस्त होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि नाही झाली तरी "आरोप समजताच मी लेखी हरकत घेतली होती" हे दाखवणारा हा कागद पुढे मोलाचा ठरतो.

मध्येच एखाद्या दिवशी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस मोबाईलवर येते आणि न्यायालयाचे नाव पाहून माणसे घाबरतात. लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली भरते आणि तेथे तडजोडीने प्रकरणे मिटवली जातात. तेथे साक्षीपुरावा होत नाही, चलन खरे की खोटे हे ठरत नाही, आणि एकदा सही करून मिटवले की त्यावर अपील नाही. चलन खरे असेल आणि रक्कम थकलेली असेल तर लोकअदालत उत्तम. चलनच मान्य नसेल तर तेथे जाऊन "मला तडजोड करायची नाही, मला प्रकरण गुणदोषावर, म्हणजे पुरावा तपासून, चालवायचे आहे" असे नम्रपणे सांगावे. तडजोड नाकारल्याबद्दल कोणतीही शिक्षा नसते.

खरी न्यायालयीन पायरी सुरू होते ती समन्स आल्यावर. पोलिसांनी खटला दाखल केला की गुन्हा जेथे घडला असे म्हटले आहे त्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून समन्स निघते. त्यावर प्रकरणाचा क्रमांक आणि तारीख असते. ई-कोर्ट्स ॲपवर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात. समन्स मिळूनही न जाणे ही सर्वांत वाईट चूक होय, कारण त्यानंतर वॉरंट निघू शकते आणि ५०० रुपयांच्या गोष्टीसाठी पोलीस दारात येतात.

समन्स हातात पडताच एक तारीख तपासावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५१४ नुसार, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या मुदतीनंतर घेऊ नये, आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यासाठी ही मुदत एक वर्षाची आहे. इथे मोजायची ती खटला दाखल झाल्याची तारीख. समन्स आपल्याला उशिरा मिळाले म्हणून मुदत संपली असे होत नाही. विलंबाचे समाधानकारक कारण असेल किंवा न्यायाच्या हितासाठी आवश्यक असेल तर न्यायालय विलंब माफही करू शकते. तरीही हेल्मेटच्या चलनावर दीड वर्षाने खटला दाखल झाला असेल, तर "दखल घेण्याची मुदत संपलेली आहे, अभियोग पक्षाने विलंबमाफी मागितलेली नाही" एवढ्या दोन ओळींचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. घटनेची तारीख आणि दाखल तारीख या दोनच गोष्टी दाखवायच्या असतात, वकिलीचे कसब त्यात लागत नाही.

न्यायालयाचा दिवस कसा जातो हे आधी माहीत असेल तर निम्मी भीती कमी होते. संभाजीनगरला अदालत रोडवर असो की गंगाखेड, अंबाजोगाई, भूममधल्या तालुक्याच्या कोर्टात असो, क्रम सारखाच असतो. अकराच्या आत पोहोचावे. दालनाबाहेर त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, म्हणजे बोर्ड, लावलेले असते. त्यात आपला क्रमांक शोधावा, आत जाऊन लिपिकाला हजर असल्याचे सांगावे आणि मोबाईल बंद करून बसावे. आपले नाव पुकारले जाईपर्यंत तासन् तास जाऊ शकतात, पण पुकाऱ्याच्या वेळी चहाला गेलेला माणूस गैरहजर धरला जातो. सोबत आधार कार्ड, परवाना, आरसी, विमा, पीयूसी यांच्या मूळ प्रती आणि प्रत्येकाच्या तीन-तीन छायाप्रती ठेवाव्यात. जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते, अर्ज मराठीत देता येतो आणि आपले म्हणणे मराठीत सांगता येते. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे सरू नये.

पुकारा झाल्यावर न्यायदंडाधिकारी आरोपाचा सारांश सांगतात आणि विचारतात: "गुन्हा कबूल आहे का?" सगळा खटला या एका प्रश्नाच्या उत्तरावर वळतो. बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी हमखास सांगतो, "कबूल करून टाका, अर्ध्या तासात मोकळे व्हाल." आदल्या दिवशी सुट्टी काढून, एसटीचे तिकीट काढून आलेल्या माणसाला तो सल्ला पटतोही. पण कबुली दिली की तेथेच दोषसिद्धी होते आणि मग अपिलात दंड किती आणि कायद्याला धरून आहे का एवढाच वाद उरतो. "मी ते केलेच नव्हते" हे पुन्हा कोणी ऐकत नाही. म्हणून आरोप खोटा असेल तर सरळ, स्पष्ट आवाजात "कबूल नाही" असे सांगावे. त्याच वेळी सगळी कहाणी सांगायला सुरुवात करू नये. ती सांगायची वेळ नंतर येते. "हो, पण..." अशी सुरुवात तर मुळीच करू नये, कारण "हो" ची नोंद झाल्यावर "पण" चा उपयोग राहत नाही. आपण काय सांगितले याची नोंद झाली की ती वाचून, समजून घेऊनच सही करावी.

कबूल नाही म्हटल्यावर पुढची तारीख मिळते आणि अभियोग पक्षाला, म्हणजे खटला चालवणाऱ्या सरकारी बाजूला, साक्षीदार आणावा लागतो. बहुधा तो चलन काढणारा पोलीस कर्मचारी असतो. सरकारी वकील त्याची सरतपासणी घेतात, म्हणजे आपल्या साक्षीदाराला प्रश्न विचारतात, आणि त्यानंतर त्यालाच प्रश्न विचारण्याची, म्हणजे उलटतपासणीची, संधी आपल्याला मिळते. उलटतपासणी म्हणजे भांडण नव्हे, याची आठवण इथे ठेवावी लागते. छोटे, एकेका गोष्टीचे प्रश्न विचारावेत आणि ज्याचे उत्तर कागदावर आहे तेच विचारावेत.

समजा, चलन जालन्यातल्या एका चौकातले आहे, फोटोत स्कूटी आहे आणि आपल्याकडे त्याच क्रमांकाची मोटारसायकल आहे. मग प्रश्न असे असावेत: "फोटोतले वाहन कोणत्या प्रकारचे दिसते?" "आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे?" "चालकाला आपण जागेवर थांबवले होते का?" "माझा लेखी अर्ज आपल्या कार्यालयाला मिळाला होता का?" पहिली दोन उत्तरे मिळाली की थांबायलाही हरकत नाही. "मग तुम्ही हे चलन काढलेच कसे?" हा प्रश्न मनात कितीही उसळत असला तरी विचारू नये, तो साक्षीदाराला स्वतःची बाजू सावरायची संधी देतो. उत्तर मिळाल्यावर ते नोंदवले जाईपर्यंत थांबावे आणि चुकीचे नोंदवले गेले असे वाटले तर त्याच क्षणी, अदबीने, लक्षात आणून द्यावे.

कॅमेऱ्याच्या चलनांसाठी वेगळे नियम आहेत आणि ते प्रत्येक वाहनधारकाने जाणून घ्यावेत असे मला कळकळीने वाटते. मोटार वाहन अधिनियमातील कलम १३६-अ खाली केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आणला. त्यानुसार वेग मोजणारे किंवा क्रमांक टिपणारे उपकरण मान्यताप्राप्त असले पाहिजे आणि त्याच्या मान्यता प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. असे उपकरण लावलेल्या रस्त्याच्या टप्प्याआधी वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक असला पाहिजे. घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत गुन्ह्याची सूचना पाठवली गेली पाहिजे आणि चलनासोबत गुन्हा व वाहन क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, उपकरणाने घेतलेले माप, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. या नियमात मोजलेल्या उपकरणांत वेग टिपणारे कॅमेरे, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावर लावायचे आणि वाहनात बसवलेले कॅमेरे अशी नावे आहेत. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे कोणी १३५ चे चलन नाकारत असेल तर "मी तेवढ्या वेगाने नव्हतो" या नुसत्या शब्दापेक्षा त्या उपकरणाच्या त्या वर्षीच्या प्रमाणपत्राची मागणी अधिक वजनदार ठरते. ते प्रमाणपत्र माहितीच्या अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, संबंधित कार्यालयाकडे आधीच मागून ठेवावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आले तर तो पुरावा होतो आणि न आल्यास न्यायालयात तेच प्रमाणपत्र हजर करण्याचा अर्ज देता येतो.

वर आलेल्या दोन प्रमाणपत्रांपैकी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या, म्हणजे फोटो किंवा चित्रीकरण कोणत्या उपकरणातून कसे निघाले हे सांगणाऱ्या, प्रमाणपत्राचा देशभर लागू असलेला कायदा आपल्या मराठवाड्याच्या मातीतून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यानंतर स्वीकारला गेला, असा दावा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी केला आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आणले. चित्रीकरण होते, पण त्याबरोबर साक्षीपुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात आणलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि ते कोणी देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवावे. इतके सांगूनही निवडणूक रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बदलला नाही. प्रमाणपत्रासाठी शक्य ते सारे प्रयत्न झालेले होते आणि अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत बाहेर आलेला तोंडी पुरावाही उच्च न्यायालयासमोर होता.

चलन लढवणाऱ्याने या निकालातून दोन गोष्टी घ्याव्यात. कॅमेऱ्याच्या फोटोची छापील प्रत पुढे आली की, तिला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून नोंदीचा क्रमांक) दिला जाण्यापूर्वीच, "सोबत प्रमाणपत्र नाही, म्हणून माझी हरकत आहे" असे सांगून ती हरकत नोंदवून घ्यावी. शेवटच्या युक्तिवादात आठवले तर उशीर झालेला असतो. आता जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आहे आणि त्यात हेच प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये आहे. आणि दुसरे असे की, प्रमाणपत्राच्या हरकतीवर सगळा डोलारा उभा करू नये, कारण जालन्याच्या प्रकरणाप्रमाणे तोंडी पुरावाही निकाल ठरवू शकतो. शिवाय आपण इतर ठिकाणी स्वतःहून "फोटोतला मीच आहे" असे सांगून बसलो असू, तर प्रमाणपत्राचा मुद्दा बराचसा निष्प्रभ होतो.

अभियोग पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायदंडाधिकारी आपल्याला त्या पुराव्याबाबत विचारतात. हे शपथेवर नसते, आणि इथे ते एक वाक्य आणि त्यामागचे कागद सांगायचे. कागद सुटे न देता क्रमांक घातलेल्या यादीसह द्यावेत. विमा किंवा पीयूसीची मुदत त्या तारखेला चालू होती, हा वाद असेल तर विमापत्राची प्रत आणि परिवहन विभागाच्या संगणकातली नोंद बहुधा पुरेशी होते. डिजिलॉकर आणि एमपरिवाहन यांतली कागदपत्रे ग्राह्य आहेत, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये आहे, त्यामुळे "मूळ कागद जवळ नव्हता" एवढ्यावर काढलेले चलन टिकणे कठीण. स्वतः साक्षीदार म्हणून शपथेवर बोलायचे असेल तर तसा लेखी अर्ज द्यावा लागतो आणि मग आपलीही उलटतपासणी होते; ज्याचे कागद भक्कम आहेत त्याला त्याची गरज बहुधा पडत नाही.

मराठवाड्यात वारंवार दिसणारी एक अडचण विकलेल्या गाडीची आहे. आठवडी बाजारात किंवा ओळखीत मोटारसायकल विकली जाते, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी होते, आरसी तशीच राहते आणि वर्षभराने तिघे बसलेल्या अवस्थेतला फोटो आपल्या नावावर येतो. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या अपघात-भरपाईच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. म्हणून नोटरीचा कागद निर्णायक नसला तरी तो निरुपयोगी नाही: वाहन कोण चालवत होते याची माहिती मागितली गेल्यास ती देणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे, आणि तो कागद खरेदीदाराचे नाव-पत्ता दाखवतो. तो घेऊन लेखी उत्तर द्यावे आणि त्याच आठवड्यात नमुना २९ व ३० भरून हस्तांतरणाचे काम मार्गी लावावे, नाहीतर पुढचे चलनही आपल्याच दारात येईल.

नांदेडमध्ये एका बचावाला विशेष महत्त्व आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सक्ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला लागू होत नाही, असे कलमातच लिहिलेले आहे. तख्त सचखंड हुजूर साहिबच्या नगरीत पगडीधारी दुचाकीस्वाराला कॅमेऱ्याने हेल्मेटचे चलन पाठवले असेल, तर फोटोतली पगडी हाच पूर्ण बचाव आहे. तक्रारीच्या पायरीवरच तो मांडावा.

चलन पुण्या-मुंबईचे असेल तर खटला तेथेच चालतो. लातूर-परभणीची कितीतरी मुले पुण्यात नोकरीला आहेत आणि गाडी वडिलांच्या नावावर गावाकडची आहे. समन्स मात्र गावच्या पत्त्यावर येते. वकील नसलेल्या आरोपीला प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहावे लागते, कारण हजेरीतून सूट प्रामुख्याने वकिलामार्फत मिळते. अशा वेळी लेखी तक्रारीच्या पायरीवरच सर्व जोर लावावा आणि तरीही खटला उभा राहिला तर तेथे वकील देण्याचा खर्च आणि दंडाची रक्कम यांचा हिशेब शांतपणे करावा.

काही प्रकरणे मात्र एकट्याने लढवू नयेत. दारू पिऊन वाहन चालवणे, धोकादायक वाहन चालवणे, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याचा आरोप, ज्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, कोणाला इजा झालेली असेल तर, किंवा ऊसाच्या आणि मालाच्या वाहनांवरची मोठ्या रकमेची जादा भाराची प्रकरणे, यांत वकील हवाच. वकिलाची फी परवडत नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील इतरांनाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती येथे अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. एकट्याने लढणाऱ्यालाही तेथे अर्जाचा मसुदा तपासून घेता येतो.

निकाल विरुद्ध गेला तर सत्र न्यायालयात अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि त्यासाठी निकालाची प्रमाणित नक्कल लागते, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. निर्दोष मुक्तता झाली तरी नक्कल घ्यावीच. न्यायालयाचा निकाल आपोआप ई-चलनाच्या संगणकात चढेल असे गृहीत धरू नये. नकलेची एक प्रत वाहतूक शाखेत पोच घेऊन द्यावी, संकेतस्थळावर आपल्या वाहनापुढचे ते चलन निघाले का हे महिनाभराने पाहावे, आणि निघाले नसेल तर त्याच पोचेचा आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे.